मघाच्या डॉक्टरांना सांगितलंय

धाकटीला डॉक्टर व्हायला अजून बरीच वर्षं होती, पण तिचा कोट मात्र शिवून तयार होता. बाप शिंपी असला की असं होतं.

धाकटी म्हणजे दोन बहिणींतली धाकटी. घरात, गल्लीत आणि बाबांच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडी तिचं तेवढंच नाव होतं. थोरली एका कचेरीत नोकरी करायची आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नसे. बोलायचं ते धाकटीबद्दल. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि सुट्टीत तिला शहरातल्या मोठ्या बाल रुग्णालयात, इमर्जन्सी विभागाच्या रिसर्चमध्ये इंटर्नशिप मिळाली. त्या दिवसापासून बाबा मापं घेता घेता सांगू लागले, "आमची धाकटी हल्ली इमर्जन्सीत असते." इमर्जन्सीत ती नेमकं काय करते हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि तिनंही आपण होऊन सांगितलं नाही.

ती प्रश्न विचारायची. ताप, खोकला, घसा असल्या तक्रारी घेऊन जे आईबाप लहान मुलांना धावतपळत इमर्जन्सीत आणतात, त्यांच्या मनात कसली भीती असते, असा त्या अभ्यासाचा विषय होता. मूल तपासणीची वाट बघत असताना इंटर्ननं खाटेपाशी जायचं, परवानगी घ्यायची, टॅबवरचे प्रश्न विचारायचे आणि उत्तरं भरून बाजूला व्हायचं. मुलाला हात लावायचा नाही, औषधाबद्दल बोलायचं नाही, मत द्यायचं नाही.

हा अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या मॅडम म्हणजे मुलांच्या इमर्जन्सीतल्या जुन्या डॉक्टर. आवाज मऊ, पण शिस्त अशी की भिंतीवरचं घड्याळही त्यांना विचारून पुढं जात असावं. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या इंटर्नना दोन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली म्हणजे, खाटेपाशी गेल्यावर तोंडातून पहिलं वाक्य निघालं पाहिजे ते असं : "मी डॉक्टर नाही. मी विद्यार्थिनी आहे, आणि तुमच्या मुलाच्या उपचारांशी माझा संबंध नाही." दुसरी गोष्ट, आईबापांनी प्रश्नांच्या बाहेरचं काहीही सांगितलं, तरी ते तिथल्या तिथं सिस्टरला किंवा ड्यूटीवरच्या डॉक्टरला कळवायचं. "ते महत्त्वाचं आहे की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. "पोस्टमन पत्र वाचून मग टाकायचं की नाही ते ठरवतो का?"

शिवाय इंटर्नसाठी हिरवं जाकीट होतं, पाठीवर ठळक अक्षरांत 'विद्यार्थी' लिहिलेलं. धाकटीच्या वाट्याला आलेलं जाकीट इतकं ढगळ होतं की त्यात ती आणि थोरली दोघी मावल्या असत्या. तिनं ते आत घ्यायला बाबांकडे दिलं. बाबांनी कापड बोटांत चोळून पाहिलं आणि नाक मुरडलं. "ह्याची मी बाजाराची पिशवीसुद्धा शिवणार नाही," ते म्हणाले. जाकीट त्यांनी बेतशीर करून दिलंच, कामात त्यांची कुचराई नसायची. पण त्याबरोबर एक पांढराशुभ्र कोटही दिला, खांद्यावर चपखल बसणारा, खिसे नेमके हाताच्या उंचीवर. तो घालून ती आरशासमोर उभी राहिली, तेव्हा बाबा नुसतेच चष्मा पुसत बसले. आता असा कोट कुणाच्यानं कपाटात ठेवला जाईल? हिरवं जाकीट पिशवीत राहिलं. मॅडमनी एकदा बघून म्हटलं, "उद्यापासून हिरवं हं." आणि तो उद्या काही उजाडला नाही.

त्या पहिल्या वाक्याचंही असंच झालं. सुरुवातीला धाकटी ते घडाघडा म्हणायची आणि लोक म्हणायचे, "मग नंतर या बाई, आधी डॉक्टर येऊ द्यात." दिवसभर पायांचे तुकडे पडायचे आणि संध्याकाळी टॅबवर दोन-तीनच कुटुंबं. तिच्याबरोबरचा उंच मुलगा, ज्याला सगळे 'जिराफ' म्हणत, तो मात्र रोज ढीगभर कुटुंबं गाठायचा. मग धाकटीनं आधी वाक्याचा शेवट गाळला, मग मधला भाग आणि एके दिवशी सुरुवातही. उरलं ते एवढंच : "नमस्कार, मी रिसर्च टीमकडून." लोकांना 'टीम' ऐकू यायचं आणि पांढरा कोट दिसायचा. तिच्या आईच्या वयाच्या बायका खुर्ची सोडून उठायच्या, "बसा ना डॉक्टर" म्हणायच्या. खोटं ती कधी बोलली नाही. नुसतं खरं बोलायचं टाळलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली माणसं आपण पुष्कळ पाहतो आणि त्यांना हसतो. पण पिवळं होताना किती बरं वाटतं हे मात्र कुणी सांगत नाही.

त्या सकाळी विभागात गर्दी होती. कोपऱ्यातल्या पडद्याआड एक आई एकटीच बसली होती, मांडीवर दोन वर्षांच्या आतबाहेरचा मुलगा. कामाला जायचे कपडे तसेच अंगावर, पायांत दोन वेगळ्या जोड्यांच्या चपला. मुलगा किरकिर करत होता आणि त्याच्या हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती. आई ती रुमालानं टिपायची, परत ती यायची.

"नमस्कार, मी रिसर्च टीमकडून," धाकटी म्हणाली.

"बरं झालं आलात डॉक्टर," आई म्हणाली. "केव्हाची वाट बघतेय."

इथं बोलायचं होतं. एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ होता आणि तेवढा पुरेसा होता. धाकटी हसली आणि स्टूल ओढून बसली.

प्रश्न सुरू झाले. किती वेळापासून त्रास? सकाळी उठल्यापासून. दूध तोंडाला लावलं की मान फिरवतो, खोकला बसलाय, अंग थोडं कोमट लागतंय. भीती कसली वाटते? आई म्हणाली, "काहीतरी राहून जाईल ह्याची." धाकटीनं ते भरलं. असं उत्तर आधी कुणी दिलं नव्हतं. मॅडमना आवडेल असं तिला वाटलं आणि ती खुशीत आली.

टॅब मिटून ती उठत होती, तेवढ्यात आई म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू का? हसू नका. काल संध्याकाळी ह्यांनी गाडीच्या किल्लीतला सेल बदलला. तो चपटा असतो बघा, नाण्यासारखा. जुना टेबलावर ठेवला होता म्हणे. सकाळी मी सगळीकडे शोधला, कुठं सापडला नाही. पण एवढा मोठा हा गिळणार कसा? आणि गिळला असता तर आरडाओरडा केला असता ना?"

धाकटीच्या अभ्यासक्रमात सेल अजून आलेले नव्हते. तिला वाटलं, नाणी मुलं गिळतातच आणि ती आपोआप बाहेर पडतात. हे कुठंतरी ऐकलेलं होतं. आणि दुसरं असं की पुढच्या पडद्याआड नुकतंच एक कुटुंब आलं होतं, आणि जिराफ तिकडेच निघाला होता. पण ह्या दोन्ही गोष्टी नंतर सुचलेल्या. तेव्हा तिनं काय केलं, तर मुलाच्या कपाळावर हात ठेवला, हनुवटी धरून त्याचं तोंड जरा उजेडाकडे केलं, डोळे किंचित बारीक केले आणि म्हणाली, "घसा सुजला असणार. सध्या साथच आहे. काळजी करू नका."

आईचे खांदे खाली आले. "तुम्ही बघितलंत, आता जिवात जीव आला," ती म्हणाली.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय. धाकटी पडद्याबाहेर पडली आणि पुढच्या कुटुंबाकडे गेली. सेलाची गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नाही, कारण पडदा बाजूला सारेपर्यंत ती तिच्या डोक्यातून निघूनही गेली होती.

दुपारी मॅडमचा तास असे. इंटर्न राबराब राबतात, त्यांना थोडं शिकायलाही मिळावं म्हणून आठवड्यातून एकदा त्या मीटिंगच्या खोलीत चित्रं दाखवून काहीबाही सांगत. त्या दिवशीचा विषय होता, मुलं काय काय गिळतात. पिना, मणी, नाणी. पोरं हसत होती. मग पडद्यावर एका छातीचा एक्स-रे आला, मधोमध एक गोल चकती.

"नाणं," जिराफ म्हणाला.

"नीट बघ. कडेला दुसरं वर्तुळ दिसतंय? हे नाणं नाही, सेल आहे," मॅडम म्हणाल्या. "नाणं असेल तर आपण वाट बघू शकतो. सेल असेल तर नाही. हा अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यात त्याचा करंट सुरू होतो आणि आतली भिंत भाजत जाते. वापरून संपलेला सेलसुद्धा. दोन तासांत जखम सुरू होते. आणि फसवणूक कशी आहे बघा, मूल रडत नाही फारसं. लाळ गाळतं, दूध नाकारतं, थोडं खोकतं. सगळे म्हणतात, घसा."

धाकटीला मुलाच्या हनुवटीचा ओलेपणा अजून बोटांना लागलेला आहे असं वाटलं.

खरं तर तिनं तिथंच ताडकन उठायला हवं होतं. गोष्ट सांगणाऱ्यालाही तिला उठवावंसं फार वाटतंय. पण ती बसून राहिली. मॅडमनी पुढचं चित्र लावलं, त्याच्या पुढचं लावलं. धाकटी मनाशी हिशेब करत होती : ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं असेलच. आई त्यांनाही बोलली असेल. एक्स-रे झालाही असेल. कदाचित सेल घरात सोफ्याखाली सापडला असेल. माणूस स्वतःला वाचवायला लागला की केवढा हुशार होतो. शेवटी तिनं फोन आल्यासारखं केलं आणि बाहेर निघाली.

ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण होता, दिवसभराच्या कामानं पिळून निघालेला. तो कागद लिहीत उभा होता.

"सर, सकाळी कोपऱ्यात एक लाळ गाळणारा मुलगा होता..."

"घशाचा? औषध देऊन घरी पाठवला. का?"

"त्याच्या आईनं काही सांगितलं का तुम्हाला? म्हणजे, आणखी काही?"

"मी विचारलं ना, आणखी काही सांगायचंय का म्हणून. तर म्हणाली, सगळं मघाच्या डॉक्टरांना सांगितलंय." त्यानं मान वर केली. "मला वाटलं, आधी नोंदणीला जी डॉक्टर होती तिला म्हणतेय. का गं, काय झालं?"

मघाच्या डॉक्टरांना. दोन रस्ते होते, आणि दोन्हींवरून मुलाला परत आणता येत होतं. तिनं त्यातला सोपा धरला.

"निघताना मला दारात भेटली होती," ती म्हणाली. "तेव्हा तिला आठवलं. गाडीच्या किल्लीचा सेल सापडत नाहीये म्हणाली. मला तेव्हा कळलं नाही, आत्ता मॅडमच्या तासाला लक्षात आलं."

डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "निघताना? मग मागे वळून मला सांगायचं ना बाईनं." पण हे म्हणता म्हणता त्यानं फोन उचलला होता.

पुढचं सगळं भराभर झालं. आई मुलाला घेऊन परत आली तेव्हा तिच्या पायांत चपलाच नव्हत्या. एक्स-रे काढला, आणि मॅडमनी दाखवला होता तसाच गोल, तसंच कडेचं दुसरं वर्तुळ. मुलाला भूल देऊन दुर्बिणीतून सेल काढला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला की मूल वाचलं, पण अन्ननलिका आतून भाजलीय, बरेच आठवडे तोंडानं काही देता येणार नाही, आणि पुढं ती नळी आकसते की काय ते आत्ता सांगता येत नाही. "सकाळीच कळलं असतं तर जखम एवढी खोल गेली नसती," तो म्हणाला. तो हे आईकडे बघत म्हणाला. धाकटी तिथंच, औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी होती.

मॅडमनी सगळ्यांदेखत तिच्या पाठीवर हात ठेवला. "तास ऐकताना असं लक्ष असावं," त्या म्हणाल्या. "ही नसती तर उद्यापर्यंत काय झालं असतं कुणास ठाऊक." जिराफनं टाळ्या वाजवल्या, आणि त्यात काही कुचकेपणाही नव्हता. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अगदी खरं सांगायचं तर, त्या मेल्यासारखं होण्याच्या तळाशी कुठंतरी गुदगुल्याही होत होत्या, आणि त्याच तिला जास्त बोचत होत्या.

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. तिनं वाटेत थोरलीला फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं होतं आणि थोरलीनं ते पूर्ण करून बाबांना सांगितलं होतं. दुकानात एक गिऱ्हाईक हात पसरून माप द्यायला उभं होतं आणि बाबा टेप गळ्यात तसाच ठेवून त्याला सांगत होते, "डॉक्टरांच्या लक्षात नाही आलं, हिच्या आलं. हिच्या!" गिऱ्हाइकानं हात खाली घेऊन धाकटीला नमस्कार केला. तिनं "तसं काही नाही हो" म्हटलं, आणि ते सगळ्यांना विनय वाटलं. खरं बोलायला गेलं की लोक त्याचाही हार करून गळ्यात घालतात. जेवताना बाबांनी विचारलं, "आणखी एक कोट शिवू का? धुवायला-वापरायला दोन असलेले बरे." ती म्हणाली, "नको बाबा, एक पुष्कळ झाला," आणि ताटाकडे बघत जेवली.

दुसऱ्या दिवशी ती हिरवं जाकीट घालून गेली. कुणी काही विचारलं नाही. तिला मुलाला बघायचं होतं, म्हणजे मुलाला बघून आपलं समाधान करून घ्यायचं होतं, आणि मग निमूटपणे कामाला लागायचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. टॅबवर काही नव्हतं, कागदावर काही नव्हतं. आईनं काय सांगितलं हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं एक तर तिचे उपकार मानत होतं.

वॉर्डच्या दारातच तिला पुरुषाचा आवाज ऐकू आला. दबक्या आवाजात, दात आवळून बोलणारा.

"मी काल संध्याकाळपासून एकच विचारतोय. सेल हरवलाय हे तुला सकाळी माहीत होतं. दवाखान्यात यायच्या आधी माहीत होतं. मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"अहो, सांगितलं होतं मी," आईचा आवाज. "डॉक्टरांना सांगितलं होतं."

"कुठल्या डॉक्टरांना? मी काल त्या डॉक्टरांना समोर उभं करून विचारलं. ते म्हणाले, निघताना दारात सांगितलं म्हणून कळलं. आधी एक शब्द नाही. माझी आई फोनवर विचारतेय, सून शिकलेली आहे ना, एवढं कळू नये? मी काय सांगू तिला?"

धाकटी आत पाऊल टाकून थबकली. मुलगा खाटेवर झोपला होता, नाकात नळी, ती गालाला चिकटपट्टीनं चिकटवलेली, हाताला सलाईन. हनुवटी कोरडी होती. त्याच्या उशाशी आई बसली होती, कालचेच कपडे, आता चुरगळलेले. वडील खिडकीपाशी उभे, दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यांच्या हातात गाडीची किल्ली होती आणि ती ते मुठीत उघडझाक करत होते. सेल कुणी टेबलावर ठेवला होता हे त्या खोलीत कुणी बोलत नव्हतं.

आईनं मान वर केली आणि धाकटी दिसली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "ह्यांना विचारा," ती नवऱ्याला म्हणाली. "ह्यांना सांगितलं होतं मी, सकाळी, ह्या आल्या होत्या तेव्हा..." आणि मग ती अडखळली. धाकटीच्या तोंडाकडे बघत राहिली. धाकटी काहीच बोलत नव्हती. आईचा चेहरा हळूहळू मावळला. "नाही. निघतानाच सांगितलं असेन. मला आता काही धड आठवत नाही. पण ह्यांना मध्ये नका ओढू. ह्यांच्यामुळे आपला सोन्या हाती लागला."

आणि तिनं बसल्या जागेवरून धाकटीला हात जोडले.

शरम म्हणजे काय हे धाकटीला आजवर माहीत होतं असं तिला वाटायचं. परीक्षेत चुकणं, चारचौघांत अडखळणं, बाबांनी दुकानात फुशारकी मारणं, हे सगळं तिनं शरमेच्या खात्यात टाकलं होतं. ते जोडलेले हात बघितले आणि तिला कळलं की ते सगळं काहीच नव्हतं. समोरची बाई धडधडीत खरं बोलत होती, आणि केवळ आपण गप्प आहोत म्हणून ती आपलं खरं आपल्या डोळ्यांदेखत गिळत होती. काल मूल, आज आई.

"त्या खरं सांगतायत," धाकटी म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की वडील "काय?" म्हणाले.

"त्यांनी मला सकाळीच सांगितलं होतं. तपासणीच्या आधी. सेलाचं, किल्लीचं, सगळं. मी ते डॉक्टरांना सांगायला हवं होतं, तेच माझं काम होतं. मी नाही सांगितलं. आणि नंतर मी खोटं बोलले. निघताना दारात मला कुणी भेटलं नव्हतं." ती आईकडे वळली. "मी डॉक्टर नाहीये. दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिलीय फक्त. तुम्ही डॉक्टर म्हणालात आणि मी म्हणू दिलं. मोठ्या मॅडमनाही मी आत्ता जाऊन हेच सांगणार आहे."

ओरडा बसेल म्हणून तिनं अंग चोरून घेतलं. वडिलांनी तोंड उघडलंही. पण त्यांची नजर बायकोकडे गेली आणि तिथून हातातल्या किल्लीकडे, आणि तोंडात आलेलं तोंडातच राहिलं. ते खिडकीच्या कट्ट्यावर बसले. "म्हणजे हिनं सांगितलं होतं," ते म्हणाले, कुणाला उद्देशून नव्हे.

"हो."

"आणि मी रात्रभर..." बायकोकडे बघायचंही त्यांना धाडस होत नव्हतं.

आई मुलाच्या हातावरची सलाईनची नळी सरळ करत होती. ती आधीच सरळ होती. धाकटीला वाटलं, रडत असेल, पण ती रडत नव्हती.

"रात्री मी ह्याच्या उशाशी बसून एकच गोष्ट आठवत होते," ती शेवटी म्हणाली. "सांगितलं होतं की नव्हतं. तुमचा चेहरा आठवायचा. तुम्ही ह्याच्या कपाळावर हात ठेवलात ते आठवायचं. मग वाटायचं, नाही, आपणच मनानं रचतोय, दोष अंगावर येऊ नये म्हणून. उजाडेपर्यंत माझी खात्रीच झाली की मी सांगितलं नव्हतं. की माझ्याच हातून पोराचं असं झालं." तिनं धाकटीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि माफीही नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. "तुम्हाला लागली का हो झोप?"

'नाही' हा शब्द धाकटीच्या अगदी ओठांवर होता. तो म्हटला असता तर आईला थोडं बरं वाटलं असतं, तिलाही वाटलं असतं, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं.

"हो," ती म्हणाली. "गाढ लागली."